बुजवलेले झरोके
(साकोली येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत 'ग्रीन बिल्डिंग' असावी, असा विषय समितीत निघाला तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे हिरवा रंग द्यायचा का?" सगळे हसले. मी नर्स आहे, बांधकामातलं मला फार कळत नाही. पण मुलींच्या दुखण्याखुपण्याची वही माझ्याकडे असते. त्या वहीतूनच बोलते.

आपली जुनी खोली मातीच्या जाड भिंतींची, कवेलूची. दरवर्षी कवेलू फेरा, माकडं ते फोडणार, पावसात जागोजागी गळणार. म्हणून आपण दान गोळा करून टिनाचे पत्रे टाकले. पावसाची झड आणि डास येतात म्हणून भिंतीच्या वरच्या अंगाचे झरोकेही सिमेंटने बुजवले. बुजवा म्हणणाऱ्यांत मीही होते.

पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यांत काळी बुरशी चढली. चोवीस मुली खिडक्या लावून झोपायच्या, सकाळी दार उघडलं की कोंदट वास तोंडावर यायचा. वहीत खोकला आणि डोकेदुखी यांचीच पानं वाढली. मग एका मुलीच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. तिला तो याच खोलीत लागला असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तिच्या शेजारी झोपणाऱ्या तेवीस जणींचे अहवाल येईपर्यंतचे दिवस मी विसरलेले नाही. देवाच्या कृपेने बाकी सगळ्या निरोगी निघाल्या. तीही औषधं पुरी करून बरी झाली, आज दहावीत आहे.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. पेरू देशातल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांतल्या खोल्यांची हवा मोजली गेली, तो अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 1950 पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत, दारं-खिडक्या उघडी ठेवली तर हवा तासाला 40 वेळा बदलत होती. नव्या बांधणीच्या खोल्यांत 17 वेळा. यंत्राने हवा खेळवायच्या खोल्यांसाठी ठरलेलं प्रमाण तर 12 चंच. झरोक्याला ना वीज लागते, ना मेकॅनिक.

एका हितचिंतकांनी पत्रातून विचारलं, "आदिवासी मुलींना पुन्हा मातीच्याच घरात ठेवणार का?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्या गावची गोंडांची घरं मी पाहिली आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना जाड भिंतीआड, सपरीच्या सावलीत खरंच गारवा असतो. पण आत अंधार, आणि चूल पेटली की डोळे चुरचुरतात. घरातल्या धुराने जगात 2020 या एका वर्षात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मातीच्या घराचं नुसतं कौतुक करणाऱ्यांनी त्या चुलीपुढे तासभर बसावं.

घरकुलाचं घर आलं की साप-विंचवाची, गळतीची भीती जाते, मोठीच गोष्ट आहे ती. मात्र पूर्वी कवेलूंच्या फटींतून निघून जाणारा धूर स्लॅबखाली कोंडतो. सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटतेच. धुराड्याची जागा नकाशात कुणी ठेवलेली नसते.

लेवीयच्या 14 व्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर काय करावं ते सांगितलं आहे. घर सात दिवस बंद ठेवायचं, चट्टे पसरले तर ते दगड काढून नगराबाहेर टाकायचे, भिंती आतून खरवडून नव्याने लिंपायच्या. आपण तो अध्याय भरभर वाचून पुढे जातो. मला त्यातली एक गोष्ट फार भावते. याजक तपासायला येण्याआधी घर रिकामं करू द्यायचं, म्हणजे घरातलं सामान अशुद्ध ठरून घरधन्याचं नुकसान होऊ नये.

लॉरी बेकर यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. हे क्वेकर पंथाचे वास्तुविशारद 1945 मध्ये कुष्ठरोग्यांच्या मिशनसाठी भारतात आले. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. विटा काठावर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची पद्धत त्यांनी केरळात रुजवली. तिने सुमारे 25 टक्के विटा वाचतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो.

नव्या इमारतीत आपण हेच करणार आहोत. मुलींना स्लॅब हवा होता, तो राहील. भिंती पोकळीच्या विटांच्या, वर समोरासमोर जाळी लावलेले झरोके, पुढे रुंद सपरी, आणि स्वयंपाकघर वेगळं, धुराड्यासकट. एका खोलीत आठच खाटा. चकचकीत टाइल्सचे पैसे आम्ही वगळले आहेत, फोटोत इमारत थोडी साधी दिसेल.

जुन्या खोलीचं काम मात्र त्याआधी. पावसाळ्यापूर्वी बुजवलेले सगळे झरोके फोडायचे आहेत. जाळीचा खर्च महिला मंडळाने उचलला, सुतार मापं घेऊन गेला आहे.