ओट्याचा दगड
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पुस्तकी भाषा सोडते आणि सरळ ओट्यावरच येते. यंदा आपल्या गल्लीत पाच घरी नवे ओटे झाले. जुना कडाप्पा निघाला, ग्रॅनाइट आला. दिसतो सुरेख, यात वाद नाही. पण तो कापताना जो पांढरा धुरळा उठतो, त्याच्या मध्यभागी एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून उकिडवा बसलेला असतो. त्याच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

माझ्या माहेरी शेजारी पाथरवट राहत. पाटे, वरवंटे, जाती छिन्नीने घडवीत. आपल्या काळ्या पाषाणात गारगोटीचा अंश थोडा, आणि काम उघड्यावर. ग्रॅनाइटमध्ये तो बराच असतो आणि कारखान्यात बनविलेल्या क्वार्ट्झच्या फरशीत शंभरात नव्वद भागांपर्यंत. या अंशाला सिलिका म्हणतात. हातयंत्र त्याचे असे पीठ करते की मैदासुद्धा जाड वाटावा. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडते. न दिसणारी थेट फुप्फुसात उतरते. ती खोकून पडत नाही. तिथे वण धरतात, फुप्फुस ताठरते आणि जिना चढताना दम लागू लागतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध नाही. शिवाय क्षय अशा छातीत लवकर शिरतो. म्हणून डॉक्टरांना खोकल्याबरोबर आपला धंदाही सांगावा.

गुजरातेत खंबायतला अकिकाचे मणी घरोघर घासतात. तिथे यंत्राला हात न लावणाऱ्या बायका-मुलांच्या छातीतही ही धूळ गेली. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदीच घातली.

आता थोडे आपले. पाणी सोडून कापले तर धूळ जागच्या जागी बसते, हे कारागिरालाही ठाऊक असते. "चिखल नको, कोरडेच कापा," असे सांगतो कोण? आपणच! मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, नावे घेत नाही. चिखल पुसायला अर्धा तास लागतो, बायांनो. मात्र साध्या यंत्रावर तांब्याने पाणी ओतू नका, विजेचा धक्का बसेल. पाण्याची नळी जोडलेलेच यंत्र हवे. रुमालाने बारीक धूळ अडत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. नंतर कोरडा झाडू फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पोरांना गंमत बघायला उभे करू नये.

पुढच्या महिन्यात आमच्या समोरच्या घरी काम निघणार आहे. फरशा दुकानातच पाण्यावर कापून आणण्याचे वहिनींनी कबूल केले आहे. पैसे थोडे जास्त पडतील. सिंकचे भोक तेवढे जागेवर पाडावे लागेल. मास्कचे एक पाकीट मी मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. ज्यांच्याकडे काम असेल त्यांनी किल्ली मागून न्यावे.