येमेनच्या शॅमेलिऑनचं पिल्लू

येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगरउतारांवर डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन सरडा राहतो. अनेक देशांत त्याला हौसेनं पाळतात. त्याच्या पिल्लाच्या बाबतीत पहिली काळजी पाण्याची. वाटीत साचलेल्या पाण्याकडे ते सहसा वळत नाही. पानांवरचे थेंब जिभेनं टिपतं. म्हणून पिंजऱ्यातल्या पानांवर रोज फवारा मारायचा आणि मध्ये पानं सुकूही द्यायची. डोळे खोल गेलेले दिसले, तर बहुधा पाणी कमी पडतंय.

खायला जिवंत, बारीक रातकिडे. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत. त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. पण अतिनील किरणांचा योग्य दिवा नसेल, तर हे कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. टाळता येण्याजोगं हे दुखणं पाहून जीव कळवळतो. पिंजरा जाळीचा, हवेशीर हवा, आणि एका पिंजऱ्यात एकच पिल्लू. हातात घ्यायचा मोह आवरा, ते घाबरतं.

आपल्या रानातला शॅमेलिऑन मात्र घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं गुन्हा आहे.