वडीलधाऱ्यांची सेवा : काल आणि आज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय मला दिला तेव्हा मी त्यांना म्हटले की, माझे शिक्षण सातवीपर्यंत, एखाद्या शिकलेल्या बाईला सांगा. त्या म्हणाल्या, "शिकलेल्यांची भाषणे पुष्कळ झाली. तुम्ही सहा वर्षे सासूबाईंचे केलेत, तुम्हीच बोला." तेव्हा मला जे ठाऊक आहे ते कागदावर लिहून आणले आहे, तेच वाचून दाखवते. साल आणि कायद्याच्या गोष्टी माझ्या मुलीने तपासून दिल्या आहेत.

या विषयावर कोणी बोलायला उभे राहिले की पहिले वाक्य ठरलेले असते. पूर्वी असे नव्हते. पूर्वी घरे भरलेली होती, म्हातारी माणसे सुखात होती, आता सगळे बिघडले. मला हे पुरतेपणी पटत नाही. माझे माहेर निफाड तालुक्यातले. आमची आजी ओटीवर बसून असे आणि कोठीची किल्ली तिच्या कमरेला असे. शेंगा फोडणे, वाती वळणे, धान्य निवडणे, नातवंडे राखणे, असे तिला दिवसभर काम होते. घरात चार सुना. एक शेतात गेली तर दुसरी घरी असायची. एके दिवशी आजी न्हाणीत घसरली, तिचा खुबा मोडला, आणि पाच आठवड्यांत ती गेली. चार सुनांनी मिळून पाच आठवडे केले. सगळे म्हणाले, म्हातारीचे सोने झाले.

आज तोच खुबा मोडला तर डॉक्टर शस्त्रक्रिया करतात, हातात वॉकर देऊन लवकर उभे करतात, आणि माणूस पुढे कितीतरी वर्षे जगतो. हे चांगलेच झाले, ते नको असे मी म्हणत नाही. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात माणसाचे सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास धरीत. त्यात लहान मुलांचे मृत्यू पुष्कळ असत, म्हणून आकडा इतका कमी, पण म्हातारपणापर्यंत पोहोचणारेही थोडेच होते. आता ते सरासरी आयुष्य सत्तरीला आले आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक निघाली. तेव्हा सेवेची वर्षे वाढली, आणि चार सुनांच्या जागी घरात एकच सून राहिली, तीही पुष्कळदा नोकरी करणारी. हिशोब इथे चुकतो आहे. लोक मात्र संस्कारांना दोष देतात.

शिवाय ज्यांचे कोणी नव्हते त्यांचे पूर्वी काय होई? आमच्या वाड्यातल्या जुन्या बायका सांगत की, यात्रेला म्हणून म्हातारीला पंचवटीत आणायचे, रामकुंडावर स्नान घालायचे, आणि परतताना ती धर्मशाळेत मागे राहायची. मग ती चार घरी पोळ्या लाटून नाहीतर मागून पोट भरी. तेव्हाही संस्कार होतेच की.

आपल्या नाशिकचे पाहा. नाशिकरोडचा नोटा-तिकिटांचा छापखाना १९२५ चा. ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ चा. शिवाय सातपूर, अंबड आणि सिडकोची घरे. माझे सासरे सिन्नरकडचे गाव सोडून सातपूरला कामाला आले, तेव्हा त्यांचे आईवडील गावी मागे राहिले. म्हणजे म्हाताऱ्यांना मागे ठेवून जाणारी पहिली पिढी आजच्या मुलांची नव्हे, आजच्या आजोबांची होती. फरक इतकाच, की गावात मागे भाऊबंद होते, हाक मारली तर कोणी येई. आता ते कामगार निवृत्त झाले आणि त्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणी अमेरिकेला. गंगापूर रोडला एका बंगल्यात मी जाते. दोघेच राहतात, दोघेही पंच्याहत्तरीचे. हॉलमध्ये कॅमेरा लावला आहे, मुलगा तिकडून पाहतो. एकदा आजोबा पडले तेव्हा त्याने तिथूनच शेजाऱ्यांना फोन केला आणि माणसे धावली. उपयोग झाला, हे खरे. पण त्या आजी मला म्हणाल्या, "तो मला रोज पाहतो, मला तो दिसत नाही."

आपल्या गावचे तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, यांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल, निदान सिनेमा तरी. अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होतात, होते नव्हते ते मुलांना वाटून टाकतात, आणि मग बायकोसह कुठे राहायचे हा प्रश्न पडतो. ते पाहून आपण पदराने डोळे पुसतो, आणि घरी येऊन सासरे घर मुलाच्या नावावर करतात तेव्हा सही करायला त्यांना चष्मा आणून देतो!

गेल्या वर्षी एका वकीलबाईंनी आपल्या मंडळात येऊन कायदा समजावला. सगळ्या हजर नव्हत्या, म्हणून थोडक्यात सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. साठी ओलांडलेल्या आईवडिलांना मुले पाहत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील द्यावाच लागतो असे नाही. महिना जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत पोटगी ठरवता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, घर किंवा जमीन मुलाला बक्षीस देताना 'सांभाळ करीन' ही अट असेल आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले घर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तिला असेच परत देवविले. पण अट लेखी हवी. "तो काय मला टाकणार आहे?" असे म्हणून कोऱ्या विश्वासावर अंगठे उठवू नका. अट लिहिल्याने चांगल्या मुलाचे काही जात नाही.

आता या कायद्यातली एक गंमत. सांभाळण्याची जबाबदारी कोणाकोणाची, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. मूलबाळ नसेल तर इस्टेट ज्याला मिळणार तो नातेवाईक. सुनेचे नाव त्यात नाही. मी वकीलबाईंना दोनदा विचारले, खरेच नाही? त्या म्हणाल्या, नाही. २०१९ मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती आली होती, तिच्यात सून आणि जावई दोघेही घातले होते, पण ती मंजूर झाली नाही. तेव्हा भगिनींनो, कायद्याच्या कागदावर आपण कोठेच नाही, आणि रात्री दोन वाजता उठून कूस बदलायला मात्र आपणच. श्रावणबाळाची कावड सगळ्यांना पाठ आहे. सरकारी पेन्शनलाही त्याचेच नाव दिले आहे. त्या श्रावणाला बायको असती तर कावड कोणाच्या खांद्यावर आली असती, ते मला सांगायला नको.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणताना तिथल्या एका सिस्टरने मला अर्धा तास बसवून शिकवले. ते अर्ध्या तासाचे शिक्षण मला सहा वर्षे पुरले. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात पाहायचे, लाली दिसली की त्या बाजूवर निजवायचे नाही. पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते. भरवताना टेकून बसवायचे, पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज बरी, तिने ठसका लागत नाही. जेवल्यावर लगेच आडवे करायचे नाही. सहा वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. यात मोठेपणा सांगायचा नाही. हे कोणी शिकवले तर कोणालाही जमते, आणि कोणी शिकवले नाही तर मायेच्या माणसाकडूनही पाठीला भोके पडतात.

त्या बोलू शकत नसत, पण कोणी भेटायला येणार असे कळले की डाव्या हाताने केसांकडे खूण करीत. वेणी घालून, कुंकू लावून, पदर नीट केल्याशिवाय पाहुण्याला आत घ्यायचे नाही. मला घाई असली की राग यायचा. पण तेवढीच एक गोष्ट त्यांच्या हुकमाने होत होती, म्हणून ती मी टाळली नाही. पाहुणे येत, सफरचंदे ठेवीत, "फार वाळल्या हो" असे माझ्याकडे पाहून म्हणत आणि चहा घेऊन जात. सहा वर्षांत एकाही बाईने असे म्हटले नाही की, मी बसते तासभर, तू बाजारात जाऊन ये.

आमचे हे सुरुवातीला आईला उचलायला लाजत. सासूबाईही मानेने नको म्हणत. मी म्हटले, ज्याला नऊ महिने उचलले त्याने आता उचलावे. पुढे रविवार त्यांचा ठरला. भरवणे, उचलून खुर्चीत बसवणे, रात्रीचे उठणे. मुलग्यांना हे जमत नाही असे नाही, त्यांना कोणी करू देत नाही.

याच काळात निफाडला माझी आई थकली. तिचे माझी वहिनी करते. म्हणजे मी दुसऱ्याच्या आईचे करायचे आणि माझ्या आईचे तिसरीच्या लेकीने करायचे, आणि त्या वहिनीची आई कोठे, कोणाकडे, ते मी कधी विचारलेही नव्हते. ती येवल्याला एकटी राहते, असे चौकशी केल्यावर कळले. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच दिलेला आहे. पण घराघरांत जुनाच कायदा चालतो, लेकीच्या घरी राहायचे नाही. आईला मी म्हटले, वर्षातून चार महिने माझ्याकडे ये, वहिनीलाही तिच्या आईकडे जाता येईल. आई म्हणाली, "तिथेच मेले तर लोक काय म्हणतील?" दोन वर्षे हा वाद चालला. शेवटी सासूबाईंनंतर ती आली, ती गव्हाचे पोते आणि कांद्याची गोणी रिक्षात घालून. जावयाचे फुकट खायचे नाही म्हणून! मी ते पोते मुकाट्याने ठेवून घेतले. तिचा मान त्या पोत्यात होता. आता दर दिवाळीनंतर ती येते. गल्लीतल्या दोघीतिघी अजून विचारतात, "भाऊ पाहत नाही का हो?" भाऊ पाहतो. मीही पाहते.

पगारी बायकांविषयी थोडे. ब्यूरोतून बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई मिळते, आणि आता पुष्कळ घरे तिच्यावरच चालली आहेत. आमच्याकडे काही महिने एक होती, पेठकडची. ती आमच्या सासूबाईंना भरवत होती तेव्हा तिची सासू गावी नातीच्या हातचे खात होती. तिला बसायला स्टूल आणि चहाला वेगळा कप देणारी घरे आपल्या गल्लीत आहेत. ज्या हातांनी आईला भरवायचे, त्या हातांना वेगळा कप कशाला?

वृद्धाश्रम हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण पुण्याची 'निवारा' ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून निराधार म्हाताऱ्यांना सांभाळत आली आहे. तेव्हा ही काही कालची टूम नव्हे. ज्यांना मूल नाही, ज्यांचे पटत नाही, ज्यांना आपल्या मर्जीने राहायचे आहे, त्यांनी तिथे राहावे, त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. संक्रांतीला आपण एका आश्रमात तिळगूळ घेऊन गेलो होतो. फोटो काढले आणि पाऊण तासात परत आलो. निघताना एक आजी मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी लाडू थोडे आणा, वेळ जास्त आणा."

सरकारी सोयी आहेत, त्या घ्याव्यात. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. सत्तरीच्या पुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळाच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड मिळते. गरीब घरांतल्या पासष्टीच्या माणसांना श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार मिळतात. तेवढ्यात महिना निघत नाही, हे तुम्ही जाणता. अडचणीला १४५६७ हा फोन आहे, पैसे पडत नाहीत. हा आकडा प्रत्येकीने फ्रिजवर चिकटवावा.

आता मंडळाला माझी एक विनंती. अंथरुणाला खिळलेले माणूस असलेली किमान सात घरे आपल्या चार गल्ल्यांत मला माहीत आहेत. त्या घरांतल्या बायका आज इथे नाहीत, त्या येऊच शकत नाहीत. तेव्हा आपण एक वही करू. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून दोन तास लिहून द्यायचे, आणि त्या वेळात त्या घरी जाऊन नुसते बसायचे, म्हणजे घरची बाई बँकेत, दवाखान्यात, नाहीतर देवळात जाऊन येईल, किंवा शेजारच्या खोलीत निजेल. उचलणे, धुणे यांतले काही करायचे नाही. कूस बदलायची वेळ आली तर कशी बदलायची ते मी एका दुपारी सगळ्यांना दाखवीन, गादी आणि उशी घेऊन मंडळातच. यजमानांची नावेही चालतील. आजोबांपाशी बसायला पुरुष माणूस बरा.

वही दाराजवळच्या टेबलावर आहे, पेन दोरीने बांधले आहे, कारण मागच्या वेळचे गेले. पहिले नाव माझे आहे, मंगळवार, दुपारी दोन ते चार. त्याखाली आताच तीन नावे पडली आहेत. बुधवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.