एक कोयता

(पिंपरीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कवी म्हणून बोलावलंत, पण आज मी कवितेवर बोलणार नाही. वजनावर बोलतो. मी गोदीत ओझी उचलतो, वजन मला कळतं.

आमच्या हातात हूक असतो. लाकडी मूठ, पुढं वाकवलेला लोखंडी आकडा. त्याचं टोक मुठीच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. बोटभर बाजूला गेलं की गोणी उचलताना मनगट पिळतं, रात्री भाकरी मोडायला हात वळत नाही. हे मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नाही.

काल तुमच्यातलाच एकजण मला चाकणला घेऊन गेला. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं पाल. मागं कारखान्यांची रांग, पुढं ऐरण. म्हाताऱ्यानं सांडशीत ट्रकच्या कमानपाट्याचा लालभडक तुकडा धरलेला, म्हातारी घण मारतेय. नकाशा नाही, तराजू नाही. म्हटलं, "मावशी, वजन कसं कळतं?" तिनं तयार कोयता माझ्या बोटावर आडवा ठेवला. "कुठं ठरतोय बघ, दादा." मुठीपासून बराच पुढं ठरला.

मग म्हातारा बोलला. वजन पुढं असलं की घाव जड बसतो, ऊस एका घावात तुटतो. पण उचलताना तेच वजन मनगट खातं. वजन मुठीकडं आलं की हात हलका आणि घावही हलका, मग एकाच्या जागी दोन घाव. म्हणून पाठ जाड ठेवायची, धारेकडं ठोकत पातळ करत न्यायचं. टोकाला लोखंड किती ठेवायचं ते घेणाऱ्याचा हात बघून. पाणी पाजायचं धारेला. पाठ नरम ठेवायची, धक्का ती सोसते. सगळाच कडक केला तर दगडावर बसताच तुकडा उडतो.

मित्रांनो, हा इंजिनियर आहे. सरकारी यादीत तो नुसता 'भटक्या जमाती-ब'.

आता हा कोयता कुठं जातो बघा. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती बहुतेक नवऱ्याच्या हातात. बाई अर्धी राबते आणि हिशेबात बुडते. दोन जित्या माणसांचं मिळून एक अवजार केलं साल्यांनी!

आणि 2022-23 पासून पुणे-पिंपरीच्या बातम्यांत तोच शब्द: 'कोयता गँग'. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 1952 ला तो कायदा गेला. नजर गेली नाही.

पण आपल्या पोरांनाही विचारतो. वस्तीतलं पोरगं कोयता नाचवत मोबाईलवर व्हिडिओ टाकतं. त्याला म्हणा, बोटावर धर, तोल दाखव. नाही दाखवता येणार. त्यानं तो कधी उसाला लावलाच नाही. त्याच्या एका व्हिडिओनं उद्या म्हातारीच्या ऐरणीवर संशय येतो, आणि त्याची स्वतःची जिंदगी कोर्टाच्या तारखांत जाते. मारणारा आपला, मरणारा आपला.

बाबासाहेबांनी 1936 ला सांगून ठेवलंय: जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांना एकमेकांपासून तोडते. गोदीवाला, ऊसतोड्या, घिसाडी, तुमच्या प्रेसवरचा कंत्राटी. चौघांच्या हातात लोखंड, आणि चौघं एकमेकांना ओळखत नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी पालावर जा. जातीचे दाखले, रेशनकार्ड, पोरांची शाळा, ऐरणीला हक्काची जागा, कागद लिहायला बसा. आधी कोयता बोटावर धरायला शिका. मग भाषण करा.

जय भीम.