भोपळा आणि जाकीट

मेहकरच्या माणसानें समुद्रांत बुडी मारण्याच्या साहित्याविषयीं भाषण करावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हसूं आलें असेल. आमच्या गांवापासून पश्चिमेचा समुद्र घ्या कीं पूर्वेचा घ्या, शेंकडों किलोमीटर दूर. परंतु गांवाला लागून वाहणारी आमची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धेचें पाणी प्राणहितेंतून गोदावरींत जातें, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्याच उपसागराच्या पलीकडल्या कडेला अंदमानचीं बेटें आहेत. गेल्या हिवाळ्यांत मी आणि माझा पुतण्या तेथील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ सालापर्यंत जें हॅवलॉक म्हणून ओळखलें जाई त्या बेटावर, जाऊन आलों. नदीला ओझ्याची मर्यादा नसते; आम्हांला विमानांत माणशीं १५ किलो सामान नेण्याची परवानगी होती. आजच्या भाषणाचा विषय या १५ किलोंतून निघाला आहे.

पाण्यावर तरंगण्याचें माझें पहिलें साहित्य मात्र फुकटचें होतें. आठव्या वर्षीं मळ्यांतील विहिरीवर तात्यांनीं माझ्या पाठीला दोन वाळलेले कडू भोपळे बांधले आणि काठावरून मला ढकलून दिलें. तात्या म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे बंधु. भोपळे नसले तर तेलाचा रिकामा डबा. पण डब्याच्या कडा पाठीला लागत, म्हणून भोपळ्याला मान अधिक. आठवडाभर दोन भोपळे, मग एक, असा त्यांचा क्रम असे. एके दिवशीं त्या उरलेल्या एका भोपळ्याला त्यांनीं मला न सांगतां बारीक भोंक पाडलें. भोपळा हळूहळू पाण्यानें भरत होता आणि मी आपला त्याच्या भरंवशावर विहिरीला फेरे घालीत होतों. बाहेर आल्यावर तो जड झालेला भोपळा माझ्या हातांत देऊन ते म्हणाले, “हा तुला वाहात नव्हता रे, तूंच ह्याला वाहात होतास.”

भोपळ्यांतील हवा कमीजास्त करतां येत नाहीं. विहिरींत पोहणाऱ्याला त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पाठीवर हवेची टाकी घेऊन खालीं जाणाऱ्या पाणबुड्याचें सारें त्यावरच अडतें. त्याला पाण्यांत तरंगावयाचें नसतें आणि बुडावयाचेंहि नसतें. मध्येंच अधांतरीं राहावयाचें असतें. आणि तें राहूं न देणारीं कारणें एकामागून एक येतात. अंगांतील रबरी पोशाखांत बारीक बारीक हवेचे बुडबुडे असतात. दहा मीटर खालीं गेलें कीं पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो, ते बुडबुडे आकसतात आणि पोशाखाची उचलण्याची शक्ति घटते. उलट, टाकींतील हवा श्वासावाटे खर्च होते आणि हवेलाहि वजन आहे. नेहमींच्या ॲल्युमिनियमच्या टाकींत सुमारें अडीच-पावणेतीन किलो हवा असते. ती संपत आली कीं तीच टाकी वर ओढूं लागते. एकाच बुडींत माणूस आधीं जड आणि मागाहून हलका होतो तो असा.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो आणि गान्यां यांनीं पाठीवरच्या हवेचें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां यावर उपाय म्हणजे कमरेचें शिसें आणि स्वतःचा श्वास, एवढाच होता. पाण्यांत असतांना हवा भरतां व सोडतां येईल असें गळ्यांतील साधन फ्रान्समध्येंच १९६१ च्या सुमारास आलें, आणि त्याचें पुढें जाकीट झालें. पाणबुडे त्याला ‘बीसीडी’ म्हणतात. आपण जाकीटच म्हणूं. आंत हवेचा फुगा, टाकीपासून त्यांत हवा आणणारी नळी, हवा भरण्याची एक कळ व सोडण्याची एक, आणि चटकन् हवा काढून टाकण्यासाठीं एकदोन झडपा. हवा कमीजास्त करतां येणारा भोपळाच म्हणा ना.

आतां विकत घेण्याकडे वळूं. प्रथम हें ठरवावें कीं घ्यावयाचेंच आहे काय. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौसेखातर एकदां बुडी मारणाऱ्याच्या जाकिटाच्या कळा त्याच्या शेजारचा शिक्षकच सांभाळतो. त्यानें कांहींएक घेऊं नये. ज्यानें रीतसर शिक्षण घेतलें आहे, मग तें तारकर्लीस पर्यटन महामंडळाच्या संस्थेंत असो वा अन्यत्र, त्यानें एक भागाकार करावा. जाकिटाच्या किंमतीला रोजच्या भाड्यानें भागावें, आणि जो आंकडा येईल तितके दिवस आपण पुढील चारपांच वर्षांत खरोखर पाण्यांत काढणार आहोंत काय, हें घरच्या मंडळींसमक्ष बोलून पाहावें. घरच्या मंडळींसमक्ष अशासाठीं कीं एकट्यानें केलेला हा हिशोब नेहमीं जाकिटाच्या बाजूनें सुटतो. कित्येक ठिकाणीं बुडीच्या शुल्कांत साहित्याचें भाडें धरलेलेंच असतें, तेंहि आधीं विचारावें.

घ्यावयाचें ठरलें, तर दुकानांत पाऊल ठेवण्यापूर्वीं आणखी एक काम आहे, आणि माझ्या मतें सगळ्यांत महत्त्वाचें तेंच. आपणांला शिसें किती लागतें तें पाण्यांत उतरून मोजावें. सर्व साहित्य अंगावर घ्यावें, जाकीट रिकामें करावें, नेहमींसारखा श्वास घेऊन निश्चल उभें राहावें. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलें आणि श्वास सोडतांच आपण सावकाश खालीं जाऊं लागलों, कीं वजन बरोबर. टाकी भरलेली असेल तर पुढें होणाऱ्या तुटीसाठीं दोनअडीच किलो वाढवावें. ही परीक्षा समुद्रांतच घ्यावी; कारण खारें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीच इतकें जड असतें, आणि सामानासह १०० किलो भरणाऱ्या माणसाला तलावांतील हिशोबापेक्षां समुद्रांत अडीच किलो शिसें अधिक लागतें.

मला पहिल्या दिवशीं ८ किलो शिसें बांधलें होतें. नवशिक्या माणूस घाबरून छाती भरून ठेवतो, मग तो बुडत नाहीं, मग शिक्षक आणखी एक वजन घालतो. चौथ्या दिवशीं माझा श्वास ताळ्यावर आला, तेव्हां ५ किलोंत भागलें. हे वरचे ३ किलो तोलून धरण्यासाठीं फुग्यांत तितकीच जास्त हवा लागत होती. जास्त हवा म्हणजे मोठा फुगा, मोठा फुगा म्हणजे जाडजूड जाकीट, आणि विमानतळाच्या काट्यावर दंड. शिवाय फुग्यांत जितकी हवा अधिक, तितकी खोलीबरोबर होणारी तिची चढउतार अधिक, आणि माणूस सारखा कळा दाबीत बसतो. तात्यांच्या भोंक पाडलेल्या भोपळ्याचा अर्थ मला पन्नास वर्षांनीं असा समुद्रांत कळला.

वजन बरोबर असलें म्हणजे फुगा किती मोठा हवा? आपल्याकडील उबदार समुद्रांत तीन मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरतो. त्याची खोलीवरील घट सुमारें एक-सव्वा किलो, टाकींतील हवा पावणेतीन किलो. म्हणजे खालीं चार किलोंची बेगमी झाली. वर आल्यावर डोकें पाण्याबाहेर ठेवण्यास चारपांच किलो लागतात. थोडी सुट धरली तरी १० ते १२ किलो उचलणारा फुगा पुरे. दुकानदार २० किलोंचा दाखवील आणि “साहेब, जास्त असलेलें बरें” म्हणेल. थंड समुद्रांत जाड पोशाख घालणाऱ्यासाठीं तें खरें आहे. अंदमान-मालवणला जाणाऱ्यासाठीं नाहीं.

नेहमींचें जाकीट साडेतीन-चार किलोंपासून पुढें भरतें. प्रवासासाठीं केलेलीं अडीच किलोंच्या आसपास, कांहीं त्याहूनहि कमी. हा फरक साधतो तो पाठीमागची कडक फळी काढून, गाद्या पातळ करून, आणि भलेमोठे खिसे वगळून. दुसरा प्रकार पट्ट्यांच्या साजाचा : पाठीला फळी, खांद्यावरून पट्टे, आणि फुगा पाठीमागेंच. पोलादी फळी दोन किलोंच्या वर जाते, ॲल्युमिनियमची एक किलोच्या आंतबाहेर, आणि नुसत्या जाड कापडाचीहि मिळते. हा प्रकार मला विशेष आवडतो, कारण त्याचा कोणताहि भाग झिजला तर तेवढाच बदलतां येतो, आणि पट्टे सैल-घट्ट करून काका-पुतण्या दोघांना एकच चालतो. मध्यमवर्गीय घरांत ही गोष्ट लहान नव्हे. मात्र पृष्ठभागावर तो माणसाला किंचित् पुढें कलवतो. त्याची संवय करावी लागते. शिशाचे खास खिसे घेऊं नयेत. शिसें आणि टाकी जेथें जाऊं तेथें मिळते, साधा कमरपट्टा पुरतो. पण झडपा मात्र दोन हव्यात, एक खांद्यापाशीं व एक खालीं. तेथें काटकसर नको. आणि रेग्युलेटर भाड्यानें घेणार असाल, तर त्याच्या नळीचें टोक आपल्या जाकिटाच्या टोकाशीं जुळतें कीं नाहीं, हें पत्रानें वा दूरध्वनीनें निघण्यापूर्वींच विचारून घ्या.

काटकसरीवरून आठवलें. माझ्या पुतण्यानें अंदमानापूर्वीं एक वर्ष एक वापरलेलें जाकीट अर्ध्या किंमतींत मिळविलें. दिसण्यांत नवें. पश्चिम किनाऱ्यावर एके ठिकाणीं आम्ही नऊ मीटरवर असतांना त्यानें हवा भरण्याची कळ जराशी दाबली, आणि ती दाबलेलीच राहिली. मागील मालकानें समुद्रांतून आणून न धुतांच ठेवलें होतें. आंत मीठ धरलें होतें. फुगा भरत गेला आणि मुलगा बुचासारखा वर निघाला. नऊ मीटरवरून वर येतांना छातींतील हवा जवळजवळ दुप्पट पसरते. श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटूं शकतें. सुदैवानें तो सर्व वेळ श्वास सोडीत राहिला. हवेच्या नळीची जोडणी जागच्याजागीं ओढून सोडवावयाची असते, हें त्याला पुस्तकांतून ठाऊक होतें, हाताला ठाऊक नव्हतें. डॉक्टरांनीं तपासलें, दोन दिवस नजरेखालीं ठेवलें. कांहीं झालें नव्हतें. परंतु ते दोन दिवस मी कसे काढले तें माझें मला माहीत. घरीं आल्यावर वहिनींनीं सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा भोपळाच बरा. त्याला कळ तर नव्हती.”

तेव्हां, वापरलेलें जाकीट अवश्य घ्यावें, पण असें : झडपेंतून आपोआप हवा सुटेपर्यंत तें फुगवावें आणि रात्रभर ठेवावें. सकाळीं मऊ पडलें तर परत करावें. टाकी जोडून कळ वीसपंचवीस वेळां दाबावी; प्रत्येक वेळीं ती तत्काळ उसळून वर आली पाहिजे. आंत पाणी घालून हलवून ओतावें. ओतलेल्या पाण्यांत मीठ वा बुरशी दिसली तर मागील मालकाची संवय कळली. इतकें करून पसंत पडलें तरी कळेचा सांधा जाणकाराकडून उघडून साफ करून घ्यावा, आणि त्याचा खर्च किंमतींतच धरावा. नळीची जोडणी डोळे मिटून सोडविण्याचा सराव घरीं खुर्चीवर बसून करतां येतो. आमच्या घरीं तो आतां वहिनींच्या देखरेखीखालीं होतो.

परतल्यावर जाकीट गोड्या पाण्यानें आंतून-बाहेरून धुवावें, अर्धवट फुगवून वाळत घालावें. पण आमच्या वऱ्हाडच्या उन्हांत नव्हे. चैत्र-वैशाखांतील एक दुपार फुग्याच्या कापडाला समुद्राच्या दहा बुड्यांहून महाग पडेल. सावलींत, वाऱ्यावर. आणि बुडीनंतर लगेच विमानांत बसूं नये; शेवटच्या बुडीपासून पुरे २४ तास जाऊं द्यावेत, म्हणजे शरीरांत मुरलेला नायट्रोजन सावकाश निघून जातो. तिकीट काढतांनाच हा एक दिवस धरावा. स्वस्त तिकिटाच्या मोहानें तो कापूं नये.

अंदमानला निघण्यापूर्वीं आम्हीं दोघांच्या पिशव्या मेहकरच्या बाजारांत ओळखीच्या दुकानदाराच्या धान्याच्या काट्यावर ठेवल्या. माझी पट्ट्यांचा साज, पोशाख, पायांतील वल्हीं, मुखवटा आणि कपडे धरून साडेबारा किलो भरली. पुतण्याची तेरा. दुकानदारानें पिशवींत काय आहे तें विचारलें, आम्हीं सांगितलें. त्यानें माझ्याकडे, मग काट्याकडे पाहिलें आणि उरलेल्या अडीच किलोंसाठीं आपल्या दुकानांतील तुरीची डाळ सुचविली.