छोटा संगणक आणि आपली मुले
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त बारडोली येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या वर्षात आपल्या ट्रस्टने शाळेतील मुलांसाठी लहान, स्वस्त लॅपटॉप घ्यावेत, अशी सूचना पुढे आली आहे. तिच्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ही सूचना मला पसंत आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी ज्या शंका काढणार आहे त्या विरोधासाठी नाहीत हे आपल्या ध्यानात राहील. पैसा आपला आहे, आणि त्यातील बराचसा पोटाला चिमटा घेऊन दिलेला आहे. तो कपाटात कुलूपबंद होऊन पडू नये, एवढीच माझी इच्छा.

मुलाच्या हातात एक लहान, स्वस्त साधन द्यावे आणि त्याने हाताने करीत करीत शिकावे, ही कल्पना बारडोलीला नवी नाही. १९३७ साली वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली, आणि या परिसरातील आश्रमशाळांतून टकळी मुलांच्या हाती आली. टकळीला किंमत किती? जवळजवळ नाहीच. पण ज्या शाळेत शिक्षक स्वतः सूत काढीत होता आणि त्या सुतातून गणित, भूगोल, कापसाची शेती असे सारे उलगडून दाखवीत होता, तेथेच टकळीने शिक्षण दिले. एरवी ती तासापुरती फिरली आणि पेटीत गेली. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी हे दोन्ही प्रकार पाहिले असतील.

आता लॅपटॉपकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत सीमूर पेपर्ट नावाचे गणितज्ञ होते. संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याच संस्थेतील निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली जाहीर केले की, आपण शंभर डॉलरांचा लॅपटॉप करू आणि जगातील गरीब मुलांस प्रत्येकी एक देऊ. २००७ च्या अखेरीस ते यंत्र प्रत्यक्ष तयार होऊ लागले, तेव्हा किंमत एकशे अठ्ठ्याऐंशी डॉलरांच्या घरात गेली होती. यंत्र मात्र खरोखर विचारपूर्वक केलेले होते. हिरवा-पांढरा रंग, धरायला मूठ, वजन दीड किलोच्या आत, धूळ-पाणी सोसणारा रबरी कळफलक, आणि भर उन्हातही वाचता येईल असा पडदा. विजेची मागणी अगदी थोडी. देवनागरी अक्षरांच्या कळफलकाची आवृत्तीही निघाली होती.

हे यंत्र आपल्या महाराष्ट्रातही आले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट म्हणून एक वाडी आहे. तेथील एकशिक्षकी शाळेत, एका खोलीत पहिली ते चौथीचे चारही वर्ग बसत. तेथे २००७ साली वीस-बावीस मुलांच्या हाती ही हिरवी यंत्रे देण्यात आली. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळायचे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रयोगाचे मोल समजेल. पहिलीला अक्षरे गिरवून घेत असता उरलेल्या तीन वर्गांनी करायचे काय? पाटीवर तोच पाढा दहादा लिहायचा. अशा वेळी हाती चित्र काढणारे, आवाज टिपणारे, लिहिलेले जपून ठेवणारे साधन असले, तर मुलाचा रिकामा तास रिकामा राहत नाही. एकशिक्षकी शाळेत या यंत्राचा उपयोग शहरातील शाळेपेक्षा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु खैराट प्रयोगच राहिले. भारत सरकारने २००६ मध्येच या योजनेस नकार दिला होता. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग असली साधने, अशी शिक्षण खात्याची भूमिका होती. त्या वेळी पुष्कळांना ती जुनाट वाटली. पुढे पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे खरेदी केली. तेथील खेड्यांतल्या ३१९ प्राथमिक शाळांची शास्त्रशुद्ध पाहणी होऊन २०१२ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यंत्रे मिळालेल्या शाळांतील मुले आणि न मिळालेल्या शाळांतील मुले यांच्या गणितात आणि भाषेत काहीही फरक आढळला नाही. बुद्धीच्या सर्वसाधारण चाचण्यांत थोडीशी प्रगती दिसली, एवढेच. यंत्रे पोहोचली, पण पाठ्यक्रमाला जोडलेले धडे पोहोचले नाहीत, आणि शिक्षकांच्या तयारीचे काम तोकडे पडले. उलट उरुग्वे या लहानशा देशाने २००७ पासून हेच काम हाती घेऊन दोन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला यंत्र दिले. तेथे यंत्राबरोबर शाळाशाळांतून इंटरनेट, दुरुस्तीची सोय आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची व्यवस्था केली गेली. नेपाळात त्यांच्या शिक्षणक्रमाला धरून नेपाळी भाषेत धडे तयार करण्यात आले. म्हणजे यंत्राच्या खर्चापेक्षा त्याच्या भोवतालच्या खर्चाचा विचार अधिक करावयास हवा.

आपल्याच माणसाचे उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी केले काय? पाठ्यपुस्तकाच्या पानावर एक चौकोनी खूण छापली, की ती टिपताच त्या धड्याची कविता, चित्रफीत, स्वाध्याय समोर यावेत. पुस्तक तेच, धडा तोच. पण त्यांच्या वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड, हे त्यांनी आधी ओळखले आणि धडे त्या भाषेत नेले.

भाषेचा हा मुद्दा आपल्याला तर पदोपदी नडतो. आपल्या मुलांच्या घरात मराठी किंवा अहिराणी, शाळेत गुजराती, आणि यंत्रावर इंग्रजी! येथे एक सोय आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इन्स्क्रिप्ट नावाचा जो भारतीय कळफलक आहे, त्यात सर्व भारतीय लिप्यांच्या अक्षरांच्या जागा सारख्याच ठेवल्या आहेत. गुजराती ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर मराठी ‘क’. जे मूल शाळेत गुजराती टंकलेखन शिकेल, त्याची बोटे घरी आजीच्या गोष्टी मराठीत लिहायला आपोआप तयार होतील. ही सवय पहिल्या महिन्यातच लावली पाहिजे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची खोड एकदा लागली की सुटत नाही.

आता हिशेबाचे बोलू. एका यंत्रास पंधरा हजार रुपये धरले, तर चाळीस यंत्रांस सहा लाख लागतील. विश्वस्तांनी एवढ्यावर पावती फाडू नये. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, चार्जर त्याआधीच तुटतो, बिजागरीचे आयुष्य मुलांच्या उत्साहावर अवलंबून. म्हणून खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा, म्हणजे एक लाख वीस हजार, दरवर्षी बाजूला ठेवावा लागेल. तेवढी ऐपत नसेल तर वीसच यंत्रे घ्यावीत आणि दोन मुलांत एक द्यावे. दोघे एका पडद्यापुढे बसली की भांडतात खरी, पण बोलतातही. इंटरनेटवर फार भिस्त नको. कोलिब्रीसारख्या विनामूल्य व्यवस्थेने एका लहानशा पेटीत धडे साठवून वर्गापुरते पुरवता येतात, त्यास बाहेरची जोडणी लागत नाही.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मनाला सर्वांत लागलेली. दिवाळी झाली की उसाच्या तोडीसाठी धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून हजारो जोडपी या साखरेच्या मुलखात उतरतात. त्यांना येथे माणूस म्हणून नव्हे, ‘कोयता’ म्हणून मोजतात. यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने पूर्वीच या बारडोलीत राहून त्यांच्या हलाखीवर लिहिले आहे. त्यांची मुले गावची शाळा अर्ध्यावर सोडून येतात, पडावावर धाकटी भावंडे सांभाळतात, आणि परत जातात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. ही मुले बोलतात ती आपलीच भाषा. आपल्यातील कित्येकांची आजोळे त्याच तालुक्यांत आहेत.

मी असे सुचवितो की, वीस यंत्रांपैकी दहा यंत्रे पडावावर न्यावीत. नुसती नेऊन ठेवू नयेत. मराठी आणि अहिराणी जाणणारा एक शिक्षक हंगामाचे पाच-सहा महिने पगारी नेमावा आणि यंत्रे त्याच्या हवाली करावीत. ज्या मुलाने जेवढे शिकले त्याची नोंद यंत्रात राहील, आणि परत जाताना ती कागदावर छापून त्याच्या गावच्या गुरुजींच्या नावे देता येईल. पडावावर वीज नसली तर दिवसा कारखान्याच्या वस्तीत अगर आपल्या कार्यालयात यंत्रे भारून संध्याकाळी न्यावी लागतील; सायकलीवरून दहा यंत्रे सहज जातात. यंत्रांची किंमत एकदाची, शिक्षकाचा पगार दर हंगामाचा. निवड करण्याची वेळ आली तर यंत्रे पाच घ्या, पण शिक्षक नेमाच.

कोणी म्हणेल, शाळेच्या खोलीत यंत्रे मांडली तर देणगीदारांच्या नावाची पाटी लागेल, पडावावर ती कोठे लावायची? पाटी आपल्या कार्यालयात लावू. कार्यकारिणीने हा ठराव भाद्रपद संपण्यापूर्वी घ्यावा, एवढी विनंती आहे. मुकादमांच्या गाड्या दिवाळीनंतर लगेच येऊ लागतात, आणि शिक्षक शोधावयास किमान महिना लागेल.