ओट्याखालची माती

आजचा विषय काहींस क्षुल्लक वाटेल. परसातील विहिरीजवळ पंपासाठी बांधलेला ओटा आणि त्याच्याखालून पावसाळ्यात वाहून जाणारी माती, एवढाच तो आहे. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्यात ज्यांची घरे काळ्या भारी जमिनीवर आहेत, त्यांस या क्षुल्लक गोष्टीने किती खर्चात घातले आहे, हे त्यांचे तेच जाणतात. खर्चाहूनही मोठी गोष्ट अशी की, ज्या विहिरीचे पाणी घरातील लेकरे पितात, तिच्यात अंगणातील घाण उतरण्याची वाट पुष्कळदा या ओट्याखालूनच पडते.

प्रथम जमिनीचा स्वभाव पाहू. आपली काळी माती ही काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातील चिकण कण पाणी प्याले की फुगतात आणि सुकले की आकसतात. वैशाखात ज्या भेगांत हात जाईल, त्या आषाढात शोधूनही सापडत नाहीत. वावरात हा गुणच होय. वरची माती भेगांत पडून जमीन आपली आपण उलथली जाते. ओट्याखाली मात्र तोच गुण वैरी होतो. उन्हाळ्यात ओट्याच्या कडेची माती दूर सरते व बोटभर फट राहते. मृगाचे पाणी त्या फटीत शिरते. विहिरीच्या बांधणीमागे जो भराव असतो तो बहुधा पोकळच घातलेला असतो. पाण्यास उतरावयास तेवढे पुरे होते. जाताना ते बारीक माती बरोबर नेते, आणि वर ओटा दिसावयास धड, पण खाली अधांतरी, अशी स्थिती होते.

आमच्या आळीतील एका गृहस्थांचा पंप दर चार दिवसांनी हवा घेऊ लागला. कारागिराने वायसर बदलले, मग फूटव्हॉल्व्ह बदलला. शेवटी पंप कोरडा फिरून मोटारच जळाली. ओट्याखाली वाकून पाहावे, हे कोणासही सुचले नाही. ओटा विहिरीकडे दोन बोटे कलला होता, त्यामुळे नळाच्या सांध्यास ताण बसून तेथून हवा जात होती. पुढे गवंड्याने कडेने सिमेंट लिंपून दिले. ओटा पुन्हा नवा दिसू लागला, आणि पुढच्या पावसाळ्यात पोकळी पहिल्यापेक्षा मोठी झाली. सिमेंटच्या कडेने पाणी थांबत नाही. दिसेनासे मात्र होते.

त्यांच्या पंपावर ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद असे पत्र्याचे छप्पर आहे. गणित चौथीच्या मुलास सुटेल असे आहे. ९ चौरस मीटरांवर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९० लिटर पाणी झाले. पावसाळ्यात आपल्याकडे सरासरी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे चार महिन्यांत ९००० लिटर पाणी, आणि ते सारे एकाच पागोळीने ओट्याच्या एकाच कडेवर! त्यात धुण्याच्या दगडावरचे पाणी मिळवा. म्हणून दुरुस्तीचा आरंभ घमेल्या-फावड्याने करू नये. एका जोराच्या सरीत छत्री घेऊन परसात उभे राहावे, आणि पाणी कोठून येते व कोठे नाहीसे होते ते पाहावे. पागोळीस पन्हळ लावून पाणी दूर नेले, तरी अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे तुळशीच्या लग्नानंतर करावे. भर उन्हाळ्यात भराव घातला, तर पावसात फुगणारी जमीन ओट्यास उचलते. पावसाळ्यात घातला, तर उन्हाळ्यात पुन्हा फट पडते. कार्तिक-मार्गशीर्षात मातीत ओल बेताची असते. काम करण्यापूर्वी वीज मुख्य ठिकाणी बंद करावी, आणि पोकळीत हात घालू नये. सब्बलीने चाचपावे, विंचूसापांस ही जागा फार आवडते. ओटा कलला असल्यास पंप सोडवून घ्यावा व कडेखाली दगडांचे टेकू द्यावे. मग भुसभुशीत माती, चिखल, मुळ्या हे सर्व घट्ट जमीन लागेपर्यंत उकरून काढावे.

आता भरावयाचे काय? येथेच बहुतेक जण फसतात. जवळ आहे म्हणून काळीच माती ढकलली जाते, किंवा वाळू ओतली जाते. काळी माती पुन्हा फुगणारच, आणि वाळू पाण्यास आडकाठी करीत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवरील बांधकामांचा अभ्यास करून दाखविले की, मध्ये चिकट परंतु न फुगणाऱ्या मातीचा थर दिल्यास फुगण्याचा जोर पुष्कळ आवरता येतो. आपल्याकडील थोड्या चिकण अंशाचा मुरूम या कामास येतो. त्यात वजनाने शेकडा तीन ते पाच भाग चुना मिसळावा, मूठ वळेल इतपत ओलवावा, आणि चार-चार बोटांचे थर देऊन धुमसाने ठोकावा. ओट्याच्या पोटात धुमस चालत नाही. तेथे लाकडी वाशाने आडवे ठोसे द्यावे. शेवटची अंगठाभर जागा घट्ट मसाला व दगडाच्या चिपा कोंबून बंद करावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण थर चुकविला की सारे व्यर्थ.

विहिरीचे पाणी पिण्याचे असेल, तर भराव घालण्यापूर्वी पोकळीत बादलीभर स्वच्छ पाणी ओतून बांधणीच्या आतून ते ठिबकते काय ते पाहावे. ठिबकले, तर वरच्या भागातील सांधे जाणत्या गवंड्याकडून भरून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये, आणि विहिरीत औषध टाकीपर्यंत पाणी उकळून प्यावे. पिण्याच्या विहिरीस सभोवार किमान ३ फूट रुंद, बाहेर उतरता ओटा व त्याच्या कडेस नाली असावी, हा आरोग्यशास्त्रातील जुनाच नियम आहे. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावी राहावयास आले, ते पुढे सेवाग्राम झाले. त्यांच्या विधायक कार्यक्रमाच्या १९४१ सालच्या पुस्तिकेत ग्रामसफाई हे स्वतंत्र कलम आहे. आपण रस्ते झाडण्यावर समाधान मानले; विहिरीकडेचा चिखल त्या कलमात येतो, असे कोणाच्या मनात सहसा येत नाही.

ओट्याबाहेरील जमिनीस दर हाताला एक अंगुळ उतार द्यावा व नालीचे पाणी उताराच्या बाजूस, विहिरीपासून दूर, केळी-अळूच्या वाफ्यात सोडावे. उघड्या मातीवर हरळी लावावी. खालच्या कडेस वाळ्याची दाट ओळ असली तर फारच उत्तम. उन्हाळ्यात आपण ज्याच्या ताट्या दारांवर बांधतो तोच हा वाळा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. मोठे झाड मात्र ओट्याजवळ नको. ते उन्हाळ्यात जमिनीतील ओल शोषून भेगा वाढविते.

पहिल्या वर्षी भराव थोडा दबतोच. पोळ्याच्या सुमारास दोरी लावून उतार पाहावा, आणि जेथे पाणी साचत असेल तेथे घमेलेभर मुरूम टाकून पुन्हा ठोकावा.